डिफॉल्ट श्रद्धांजली

शुक्रवारी दुपारी माझी बहीण निशिगंधा वारली, तेव्हा ती बाथरूममध्ये डोक्याची मेंदी धूत होती. रविवारी तिचा साखरपुडा होता. बातमी आधी मला कळली, मग बाबांना, मग आईला. तिला सगळ्यांत शेवटी, कारण तिचा फोन बाहेर चार्जिंगला होता.

मेसेज मंडळाकडून आला होता. काळी किनार. शेजारी शेजारी दोन फोटो, निशी आणि तिचा होणारा नवरा साहिल, दोघंही हसताना. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'चि. साहिल आणि चि. सौ. कां. निशिगंधा, रविवारी सकाळी अकरा वाजता, स्टेशनजवळचा हॉल, भाईंदर पश्चिम. आपली उपस्थिती प्रार्थनीय. कृपया आहेर आणू नये.'

बाबांनी तो दोनदा वाचला. माझे बाबा, पंढरीनाथ, मंडळाचे चिटणीस आहेत, आणि मंडळाचा मेसेज खोटा असू शकतो ही कल्पना त्यांना शिवत नाही. ते उठले, बाथरूमच्या दारावर टकटक केली आणि विचारलं,

"निशी, तू आहेस ना गं?"

"आहे. दहा मिनिटं."

बाबा परत येऊन बसले, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. एका बाजूला मुलीचा आवाज, दुसऱ्या बाजूला मंडळाचा अधिकृत मेसेज.

मंडळ म्हणजे रत्नागिरी-रायगडकडून येऊन मीरा-भाईंदरला स्थिरावलेली साठेक घरं. बारसं, वाढदिवस, दहावीचा निकाल, मयत, सगळं मंडळाच्या वेबसाइटवर पडतं आणि तिथून सगळ्यांच्या फोनवर जातं. ती साइट मूळ मी केलेली, कॉलेजात असताना. पद्धत सोपी होती. एक बातमी, एक पान. त्या पानातच फोटो, मजकूर, रंग, माहिती कुठून आणायची तेही. बॅचलरच्या खोलीसारखं. तिथेच स्टोव्ह, तिथेच गादी, दोरीवर टॉवेल. नवी बातमी आली की जुन्या पानाची कॉपी काढायची आणि नाव, फोटो बदलायचा. एकदा मयताच्या पानावरून वाढदिवसाचं पान केलं आणि तळाला 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' तसंच राहिलं. वाढदिवस सदूकाकांचा होता. काका अजून आहेत, आणि अजून त्यावर बोलतात.

साहिल पहिल्यांदा निशीला बघायला आला, तेव्हा तो सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळल्यामुळे बाबांनी त्याला निशीच्या आधी वेबसाइट दाखवली. त्याने कोड मागितला. पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तो बराच वेळ डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तसा बघत राहिला. मग म्हणाला, प्रत्येक पानात सगळंच आहे. मी म्हटलं, म्हणून तर त्याला पान म्हणतात.

मग त्याने एमव्हीसी समजावलं. मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. समजा हॉटेल आहे. मॉडेल म्हणजे भटारखाना, माल तिथे. व्ह्यू म्हणजे ताट, गिऱ्हाइकाला दिसतं तेवढंच. कंट्रोलर म्हणजे वेटर. ऑर्डर ऐकायची, आत जायचं, योग्य तो पदार्थ योग्य ताटात घालून आणायचा. कुणी दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. बॅनरचा नमुना एकच ठेवायचा. वाढदिवस असेल तर वेटर 'शुभेच्छा' लावेल, मयत असेल तर 'श्रद्धांजली'. साठ पानं साठ वेळा बदलायची गरज नाही.

बाबा भारावून गेले. मी म्हटलं, माझ्या पद्धतीत मीठ जास्त पडलं तर एक घर पाणी पितं. तुमच्या भटारखान्यात पडलं तर अख्खी पंगत उठेल. साहिल म्हणाला, पण सुधारायलाही एकाच पातेल्यात सुधारावं लागेल. हे सगळं चालू असताना निशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. शेवटी तिने विचारलं, मी परत आत जाऊ का.

लग्न जमलं. साहिलने होणाऱ्या सासऱ्यांना भेट म्हणून साइट एमव्हीसीत नव्याने बांधून दिली. आणि तिच्यावरून गेलेली पहिली बातमी म्हणजे त्याचाच साखरपुडा.

तर शुक्रवार. बेल वाजली. निशी तोवर बाहेर आली होती आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून तिनेच दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या नीलमबेन पांढरी साडी नेसून, हातात खिचडीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही हे त्यांना माहीत होतं आणि आमच्याकडे कोण गेलंय हे वॉचमनने सांगितलं होतं. त्यांनी निशीकडे पाहिलं. "बेटा, तू?" एवढंच म्हणाल्या, पातेलं तिच्याच हातात दिलं आणि चपलांच्या स्टँडवर बसल्या. आईने त्यांना पाणी दिलं. मुलगी डोळ्यांसमोर होती तरी आईचं रडणं थांबत नव्हतं. एकदा सुरू केलं की मध्ये कसं थांबायचं, असं ती म्हणत होती.

मी साहिलला फोन लावला.

"भावोजी, तुम्ही गेल्याचं कळलं."

तो म्हणाला, "मलाही आत्ताच कळलं."

भानगड अशी होती. वाढदिवस, बारसं, निकाल आणि मयत असे चार प्रकार त्याने कंट्रोलरला शिकवले होते. साखरपुडा शिकवायचा राहिला. ओळखीचा प्रकार आला नाही की वेटर काय करतो? आधीच ठरवून ठेवलेलं वाढतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. मी विचारलं, डिफॉल्टला श्रद्धांजली कोण ठेवतं? तो म्हणाला, तुझ्या जुन्या पानांमुळे ठेवली. त्या पानांवर बातमीचा प्रकार कुठे लिहिलेलाच नाही. माणसाला वाचून कळतो, मशीनला कळत नाही. आणि तुझी जुनी पानं बहुतेक मयतांचीच आहेत, म्हणून बिनप्रकाराच्या बातमीला श्रद्धांजली.

मला त्याचा फार राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

तो म्हणाला, घाबरू नका, एका ओळीचं काम आहे. मेलेला माणूस घाईत असतो. त्याने डिफॉल्ट बदलून 'हार्दिक अभिनंदन' केलं. निशी-साहिलचं अभिनंदन झालं, फुलं वगैरे आली, बाबांनी डोळे पुसले. मग फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला, आणि फक्त माझा नाही, बाबांचा, आईचा, दारात उभ्या वॉचमनचासुद्धा, कारण तो नीलमबेनना शोधत वर आला होता आणि मंडळाच्या ग्रुपात कसा कोण जाणे तोही होता.

मंडळातली सगळी जुनी मयतं बिनप्रकाराची होती. त्या सगळ्यांचं एका ओळीत अभिनंदन झालं होतं आणि साइटने, नियमाप्रमाणे, बदललेली प्रत्येक बातमी सगळ्या घरांना कळवली होती. बाबा मोठ्याने वाचत होते. 'हार्दिक अभिनंदन! खारी गावचे आमचे ज्येष्ठ सभासद बाबाजी यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.' खाली गुलाबाचा गुच्छ. पुढचा. त्याच्या पुढचा. बाबांच्या चेहऱ्याचा रंग प्रत्येक अभिनंदनागणिक उतरत होता. शेवटी त्यांनी फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसले.

निशीने मात्र एकदाही आवाज चढवला नव्हता. स्वतःच्या मयताचा मेसेज वाचून ती म्हणाली, फोटो बरा आलाय. मग अचानक थांबली.

"नीऱ्या, हा मंदाआत्यांना पण गेला असेल?"

साहिलचे आई-वडील तो शाळेत असतानाच गेले. गुहागरकडच्या गावात त्याला वाढवलं ते त्याच्या आत्यांनी. मंदाआत्या. त्यांचे यजमान आहेत, पण ते बोलत नाहीत. साहिलच्या बाजूने जे काही ठरायचं ते आत्याच ठरवतात, आणि साखरपुड्यासाठी त्या सकाळीच एकट्या एस.टी.त बसल्या होत्या. आम्ही फोन लावला. बंद.

संध्याकाळी निशी, मी आणि बाबा पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये साहिलच्या फ्लॅटवर जाऊन बसलो. तोही बसला होता, लॅपटॉप बंद करून. आत्या आल्यावर दार कुणी उघडायचं यावर चर्चा झाली. त्याने उघडलं तर त्यांना धक्का बसेल. आम्ही उघडलं तर वाटेल, खरंच गेला. शेवटी बेल वाजली तेव्हा तोच उठला.

नंतर कळलं ते असं. मेसेज त्यांना चिपळूणच्या पुढे मिळाला. त्यानंतर रेंज गेली, मग बॅटरी. म्हणजे दुरुस्ती, अभिनंदन, यातलं काही नाही. महाडपासून पनवेलपर्यंत शेजारच्या एका अनोळखी बाईने त्यांचा हात धरून ठेवला होता. ड्रायव्हरने गाणी बंद केली होती. अख्खी गाडी साहिलसाठी गप्प बसून आली.

दार उघडलं. आत्यांनी साहिलकडे पाहिलं, त्याच्या मागे निशीकडे पाहिलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि साहिलच्या कानाखाली अशी दिली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. बाथरूम कुठे आहे ते विचारलं. मयत ऐकलं की आंघोळ करायची असते. आंघोळ करून, कोरडं नेसून बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि मग रडल्या. ते रडणं बघून आमच्यापैकी कुणालाही विनोद सुचला नाही. मलाही नाही, आणि मला तर बाराव्यालाही सुचतात.

"साखरपुडा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या वेळीही सांगावा असाच आला होता. तो खरा निघाला."

साहिल म्हणाला, आत्या, मी सगळ्यांना नवीन मेसेज पाठवतो, व्यवस्थित, माफी मागून.

"तोच फोन परत बोलणार? ज्याने मारलं तोच?"

निशी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने सरळ विचारलं, आत्या, काय केलं तर होईल. मला वाटलं आत्या आता तिलाही एक देतात. पण त्यांनी तिच्या मेंदी धुतलेल्या केसांकडे बघितलं आणि विचार करून सांगितलं. त्यांच्या गावी माणसाच्या अंगाला कावळा शिवला की अपशकुन टळावा म्हणून घरचेच घराघरांत सांगावा धाडतात, गेला म्हणून. लोक रडतात. मग दुसरा सांगावा जातो, आहे म्हणून. ते रडणं वाया जात नाही, त्या माणसाचं आयुष्य वाढतं. पण दुसरा सांगावा पायांनी जायला हवा. प्रत्येक घरी वेगळा, तोंडाने, तोंडासमोर. एक घर राहिलं तरी पहिला सांगावा तिथे बसून राहतो. आणि ज्या घरी सांगावा शेवटी पोचतो, त्या घरची बाई मुलीची पहिली ओटी भरते.

"उद्या संध्याकाळपर्यंत सगळी घरं झाली तर रविवार तुमचा," आत्या म्हणाल्या. "नाहीतर मी परतीच्या गाडीला बसते आणि हा माझ्याबरोबर येतो."

साहिल निशीशिवाय लग्न करणार नव्हता, आत्यांशिवायही नाही. हे सांगायची गरज नव्हती, तो गाल धरून उभा होता त्यातच दिसत होतं.

"म्हणजे पानवार," मी त्याला हळूच म्हटलं. "एक घर, एक पान." त्याने गाल पुन्हा चोळला. एमव्हीसीवाल्या माणसाच्या आयुष्यात अशी वेळ येऊ नये.

शनिवारी आम्ही तिघं निघालो, जिवंत दोघं आणि साक्षीदार मी. भाईंदरच्या जेसल पार्कपासून सुरुवात केली. चहा कुठेच घ्यायचा नाही, फक्त पाणी, असं ठरलं होतं, तरी तिसऱ्या घरापासून निशीचा चेहरा पडला. लोक आम्हाला बघून दचकत, मग रडत, मग रागावत, आणि मग हमखास विचारत की दोघं एकदम गेली तरी कशी. कुणीतरी आधीच उत्तर तयार केलं होतं. उत्तनच्या रस्त्यावर, स्कूटरवरून. एका काकूंनी तर अपघाताची जागाही सांगितली, गुरुवारी त्यांनी दोघांना तिथेच स्कूटरवर पाहिलं होतं. निशी आणि साहिल एकमेकांकडे बघायचं टाळत होते. गुरुवारी ती ऑफिसला गेली होती असं घरी आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आता मला दुसरंही माहीत झालं. मी बाबांना काही सांगितलं नाही. एका आठवड्यात एका माणसाने किती ऐकायचं.

सदूकाकांनी दार उघडून आमच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, बसा, मला ह्याचा अनुभव आहे.

पण जसजशी घरं संपत आली तसं आमचं चालणं मंदावलं. एक घर आम्ही मुद्दाम मागे टाकत होतो. खारीतलं, सुगंधाकाकूंचं. बाबाजी त्यांचेच यजमान, ज्यांच्या निधनाचं आम्ही गुलाबासकट अभिनंदन केलं होतं. दिवस कलताना दुसरं एकही घर उरलं नाही, तेव्हा रिक्षा केली. साहिल वाटभर काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं स्तोत्र असेल. माफीचं भाषण होतं.

काकूंनी दार उघडलं. निशीला बघून त्यांनी तिच्या गालाला हात लावला, नीट, दोन्ही बाजूंनी, भाजी बघावी तसा. मग विचारलं, वेबसाइटवाला कोण? साहिलने भाषण सुरू केलं. त्यांनी त्याला थांबवलं, आत गेल्या आणि चमचाभर साखर आणून त्याच्या हातावर ठेवली. आम्ही तिघं त्या साखरेकडे बघत राहिलो.

"यांचं जन्मात कुणी अभिनंदन केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "रिटायर झाले तेव्हा शालीबरोबर जो कागद दिला त्यावरही दुसऱ्याचं नाव होतं. काल आलं तेव्हा मी आधी घाबरले. मग परत वाचलं. मग फोटोसमोर नेऊन वाचून दाखवलं."

साहिल म्हणाला की ती चूक होती, आज घरी गेल्यावर सगळ्या जुन्या बातम्या एकदम दुरुस्त होतील.

"आमची नको."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी ओळखलं. नियम सगळ्यांना एक, हाच तर त्याच्या पद्धतीचा मुद्दा. एकट्या सुगंधाकाकूंसाठी वेटरला वेगळं शिकवायचं, मग उद्या आणखी कुणासाठी, मग तो वेटर राहणार नाही, घरातला माणूस होईल. पण तो तसं काही बोलला नाही. नुसता म्हणाला, "नीरज, एक पान करशील?"

मी तिथेच, साहिलच्या बॅगेतला लॅपटॉप काकूंच्या स्टुलावर ठेवून, केलं. सगळं एकाच पानात, कशाचा कशाला पत्ता नाही, जुन्या पद्धतीचं. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. 'अल्पशा आजाराने' हे शब्द काढ म्हणाल्या, अभिनंदनात ते बरं दिसत नाही. काढले.

बाहेर पडलो, रिक्षा मिळेना म्हणून चालू लागलो, आणि थोडं पुढे गेल्यावर निशी थांबली. शेवटचं घर हेच. म्हणजे पहिली ओटी सुगंधाकाकूंची. आणि काकू विधवा.

आम्ही तिघं रस्त्यात उभे. आत्यांनी नियम सांगितला तेव्हा त्यांच्या मनात हा प्रकार नसणार हे उघड होतं. मी सुचवलं की परत जेसल पार्कला एका घरी जाऊ, पाणी पिऊ, आणि तेच शेवटचं म्हणू. कुणाला कळणार आहे. साहिलला ते पटलंही होतं, आत्यांचा हात त्याच्या ताज्या आठवणीत होता. त्यांनी नाही म्हटलं तर सगळं संपणार, दिवसभराचं चालणंसुद्धा.

"दिवसभर मी जिवंत आहे म्हणून दारोदार सांगत फिरले," निशी म्हणाली. "आता संध्याकाळी खोटं बोलायचं?"

ती एकटीच मागे वळली. आम्ही कोपऱ्यावरून बघत होतो. काकूंनी दार उघडलं, ती काहीतरी म्हणाली, काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. ती पुन्हा काही म्हणाली. काकूंनी दाराची चौकट धरली. थट्टा चाललीय असं त्यांना वाटलं असावं. मग हळूहळू मान उभी हलली.

रविवारी हॉल भरला. सांगावा घरोघरी पोचला होता, पण घरातल्या प्रत्येकाने तो घरातल्या प्रत्येकाला दिला नव्हता, त्यामुळे पाच-सहा जण पांढरे कपडे घालून आले होते आणि खांबामागे बसले होते. मंदाआत्या पुढे, ताट मांडून. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. भटजींनी पहिल्या सुवासिनीला बोलावलं.

आत्यांनी निशीला विचारलं, शेवटचं घर कुणाचं?

निशीने बोट दाखवलं नाही, नावच घेतलं. सुगंधाकाकू मागच्या रांगेत होत्या. कपाळ मोकळं. त्या उठल्या आणि उभ्याच राहिल्या, पुढे पाऊल टाकेनात. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली तो आवाज अंगावर आला. माझ्या आईने तोंडावर पदर घेतला. साहिल अंगठी बोटांत घट्ट धरून आत्यांकडे बघत होता. आत्यांचा चेहरा मी पाहिला. शुक्रवारी दारात होता तसाच झाला होता. त्यांचीही हे ऐकायची तयारी नव्हती.

मागून एक बाई म्हणाल्या, अहो, शुभ कार्यात असं कसं.

आत्या वळल्या. "शुक्रवारी ही मेली म्हणून तुम्ही रडलात ना?"

बाई म्हणाल्या, हो, म्हणजे, रडले.

"मग आज ही उभी आहे. आणखी किती शुभ पाहिजे?"

मग त्यांनी ताट उचललं आणि स्वतः मागच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. सुगंधाकाकूंच्या हातात नारळ दिला. त्या हाताखाली आपला हात धरला, महाडपासून पनवेलपर्यंत त्या अनोळखी बाईने धरला असेल तसा, आणि तसंच धरून त्यांना पुढे आणलं.

निशीने पदर पसरला. ओटीत तांदूळ पडतात तेव्हा आवाज होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हॉल इतका गप्प होता.